घर बदललं आणि रेशन बंद पडलं? कार्ड हलवण्याआधी हे तपासा

दर वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या सेवा केंद्राच्या बाकावर एकाच दुखण्याची माणसं बसलेली असतात. कुणी गावाकडून आलेलं, कुणी शहराच्याच दुसऱ्या टोकाकडून. पोरांची शाळा सुरू व्हायच्या आत खोली बदललेली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात केशरी कार्ड आणि लॅमिनेट केलेले आधार. पहिलं वाक्य ठरलेलं : "ताई, इथला पत्ता लावून द्या, रेशन चालू करायचंय."

मी पत्ता लावत नाही. आधी विचारते, "बंद झालंय, की खोली बदलल्यापासून तुम्ही उचललंच नाही?" दहातले सात जण गप्प होतात. दुकानात न जाताच त्यांनी बंद आहे असं धरलेलं असतं.

उरलेल्या तिघांचं दुखणं खरं असतं. त्यातलं सगळ्यात वाईट प्रकरण आधी सांगते, कारण ते आपल्याच हातांनी ओढवून घेतलेलं असतं.

बीड जिल्ह्यातून आलेलं एक कुटुंब. नवरा कारखान्यात हेल्पर, बायको घरकामाला, तीन मुलं. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या यादीतलं. पाच माणसांची पाच युनिट, म्हणून महिन्याला २५ किलो धान्य, तेही फुकट. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, इथलं कार्ड असल्याशिवाय इथे धान्य मिळत नाही. नवरा रजा टाकून गावी गेला, तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला, कार्ड रद्द केल्याचा दाखला घेऊन आला. इथे नवीन कार्ड काढलं. केशरी रंगाचं, करकरीत. पहिल्या महिन्यात दुकानात गेले तर अंगठा लावायच्या मशीनवर नावं दिसली, धान्याच्या रकान्यात शून्य. बाई माझ्यासमोर कार्ड धरून म्हणाली, "रंग तर तोच आहे ना?"

रंग तोच असतो. पण कार्ड आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात महाराष्ट्रासाठी लाभार्थींची संख्या बांधून दिलेली आहे, साधारण ७ कोटी १६ हजार. तिला पुरवठा खात्याच्या भाषेत इष्टांक म्हणतात. त्यातही ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के लोकसंख्या अशी वाटणी. गावात चारातली तीन माणसं यादीत बसतात, शहरात निम्मीसुद्धा नाहीत. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. हेल्परच्या पगारावर ही रेघ कधीच मागे पडते. गावचं कार्ड रद्द केलं की गावच्या यादीतली तुमची जागा गेली. शहरात नवीन कार्ड मिळतं, पण यादीत जागा मिळेलच असं नाही. कुणाचं नाव कमी झालं, इष्टांक मोकळा झाला, तर पुढे.

त्या कुटुंबाचं कार्ड अजून तसंच आहे. अर्ज दिलाय, उत्पन्नाचा दाखला जोडलाय, दर दोन महिन्यांनी फेरी होते.

म्हणून माझ्या केंद्रात भिंतीवर कागद चिकटवलाय : खोली बदलली म्हणून कार्ड रद्द करू नका.

मग धान्य कसं घ्यायचं? आहे त्याच कार्डावर, नव्या घराजवळच्या कुठल्याही रेशन दुकानात. याला पोर्टेबिलिटी म्हणतात. 'एक देश एक रेशन कार्ड'ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही पहिल्या दोन जोड्यांपैकी एक होती. आता सगळ्या राज्यांत चालतं. पत्त्याचा पुरावा लागत नाही, भाडेकरार लागत नाही, अर्जही नाही. कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगायचा आणि अंगठा लावायचा.

सांगायला सोपं. दुकानात काय होतं ते मला माहीत आहे. दुकानदार कार्डाच्या पहिल्या पानावर तालुक्याचं नाव बघतो आणि म्हणतो, "हे इथलं नाही." तेव्हा भांडू नका आणि परतही येऊ नका. एवढंच म्हणा, "मशीनवर नंबर टाकून बघा." मशीन काय दाखवतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

नंबर टाकल्यावर कुटुंबाची नावं आली, धान्य दिसलं, पण अंगठा घेत नाही : इथे पत्त्याचा काही संबंध नाही. भांडी घासणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा लावा, कार्डातल्या कुठल्याही एका माणसाचा चालतो. दहाबारा वर्षांच्या पोराला सोबत न्या, त्याचा पहिल्या फटक्यात लागतो. पण पोराचं पाचव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर तेही अडतं. ते आधार केंद्रात करून घ्यावं लागतं.

नावं आली, पण एखाद्या नावापुढे ई-केवायसी (आधारवरून माणसाची ओळख पडताळणं) बाकी दिसलं : ते त्याच दुकानात, त्याच मशीनवर होतं. त्यासाठी गावी जायची गरज नाही. चेहरा दाखवून ई-केवायसी करायचं ॲपही आहे. गावच्या दुकानदाराने फोनवर "इथेच या" म्हटलं तरी एसटीचं भाडं घालू नका.

नावं आली, धान्य 'उचलले' दाखवतंय : हा प्रकार नाजूक. गावी सासू किंवा दीर त्याच कार्डावर आहेत आणि त्यांनी पूर्ण कार्डाचं धान्य उचललं. मशीनची चूक नाही, दुकानदाराची नाही. घरात फोन करा. पोर्टेबिलिटीत अर्धं इथे, अर्धं तिथे असं उचलता येतं. जो आधी जातो त्याने आपल्या माणसांपुरतंच उचलायचं, एवढं घरात ठरवून घ्यायचं. माझ्याच घरात एकदा यावरून चुलत्यांनी सहा महिने अबोला धरला होता. धान्य होतं दहा किलो.

नंबर टाकला आणि कार्डच सापडलं नाही, किंवा निष्क्रिय दाखवलं : हे खरं बंद. याचं कारण हल्ली बहुतेक वेळा एकच असतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय करायचं आणि तीन महिन्यांत घरी चौकशी करून, ई-केवायसी करून पात्रता ठरवायची. आता विचार करा. गावच्या पत्त्यावर चौकशीला माणूस आला, घराला कुलूप, शेजारी म्हणाले, "ते पुण्याला गेले." लिहिणारा काय लिहील? म्हणून खोली बदलल्यावर पहिल्या महिन्यातच, निदान पाच किलो का होईना, नव्या दुकानातून उचला. पावती जपून ठेवा. आणि कार्ड निष्क्रिय झालंच असेल तर चौकशीची वाट न बघता मूळ तालुक्याच्या पुरवठा शाखेकडे सगळ्यांच्या ई-केवायसीसह लेखी अर्ज द्या. "आम्ही कामासाठी अमुक गावी राहतो, पोर्टेबिलिटीने धान्य घेऊ" हे त्यात स्पष्ट लिहा.

दुकानदार मशीनवर नंबरच टाकायला तयार नसेल किंवा "बाहेरच्यांचा कोटा संपला" म्हणत असेल तर महिन्याच्या शेवटी जाऊ नका. माल आला की पहिल्या आठवड्यात जा. बाहेरच्या कार्डांचा भार शेवटी शेवटी जाणवतो, हे काही अंशी खरंच आहे. तरीही नकार दिला तर १९६७ वर तक्रार करा, पोर्टेबिलिटीसाठी १४४४५ हाही क्रमांक आहे. दुकानासमोर उभं राहून फोन लावला की पुष्कळदा नुसत्या फोननेच काम होतं. आणि हो, अन्न सुरक्षेच्या यादीतल्या कार्डाला जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे. बाहेरचं कार्ड म्हणून दहावीस रुपये मागितले तर द्यायचे नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर कार्डाला हातच लावू नये. दिवाळीच्या सुमाराला जायचं, मार्च-एप्रिलला परत. कारखान्याच्या अड्ड्याजवळचं दुकान शोधायचं, बस. सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी केंद्राचं धान्य मिळतं. तिथलं राज्य सरकार आपल्या लोकांना जे जास्तीचं देतं ते मात्र आपल्याला नाही.

कार्ड हलवायचंच असेल तर

काही घरांना हलवावंच लागतं. भाऊ वेगळे झाले, सून-मुलगा कायमचे शहरात आले, शाळेच्या प्रवेशाला इथल्या पत्त्याचं कार्ड हवं. तेव्हा दोन शब्द नीट लक्षात ठेवा. 'रद्द' आणि 'बदली'. सगळं कुटुंब हललं असेल तर आहे तेच कार्ड नव्या कार्यालयाकडे बदली करून मागा, रद्द करून नवीन मागू नका. आणि अर्ज देण्याआधी नव्या परिमंडळ कार्यालयात (शहरातलं रेशनचं कार्यालय) किंवा तहसीलमध्ये थेट विचारा, "प्राधान्य कुटुंब हा प्रकार कायम राहणार का?" उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा.

कुटुंब विभागलं तर हिशेब वेगळा. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, माणसं कितीही असोत, ३५ किलो. मुलगा विभक्त झाला म्हणून ते कार्ड दोन होत नाही. ते आई-वडिलांकडे राहतं आणि मुलाला नवीन कार्डासाठी नव्याने पात्रता दाखवावी लागते. प्राधान्य कार्डात माणशी ५ किलो, त्यामुळे वजनात फरक पडू नये, पण यादीत जागा असेल तरच. क्रम असा : जुन्या कार्डातून नाव कमी करायचा अर्ज नमुना ९, त्याचा दाखला हातात आला की नवीन कार्डासाठी नमुना १, किंवा सुनेचं नाव नवऱ्याच्या आधीच असलेल्या कार्डात चढवायला नमुना ८. मधले दिवस नाव कुठेच नसतं. घरात कुणी गरोदर असेल, कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर या मधल्या दिवसांत सापडू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र रेशन कार्ड आणि आधार मागतो. नाव कार्डात नसलं की तिथेच घोळ सुरू होतो. आमच्याकडच्या एका पेशंटला ऐन वेळी १५५३८८ वर फोन करून, दाखल्यांची जुळवाजुळव करून कसंबसं बसवलं. आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवलं असेल तर ते योजनेतल्या दवाखान्यांत देशभर चालतं, म्हणून नाव हलवण्याआधी ते काढून घ्या.

आणखी एक फटका कुणी सांगत नाही. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत अन्न सुरक्षेच्या यादीत नसलेल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात रोख मिळते. २०२३ ला माणशी महिना १५० रुपये होती, पुढच्या वर्षी १७० झाली. ती त्या जिल्ह्याला आणि सातबाऱ्याला बांधलेली. कार्ड पुण्यात आणलं की ती गेली.

पैसे आले नाहीत, पण योजना चालू आहे

लाडकी बहीण किंवा निराधारचे पैसे खोली बदलल्यावर थांबले, असं सांगत येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारते : "इथे नवीन खातं उघडलं का?" उघडलेलं असतं. कंपनीने, बचत गटाने, नाहीतर गल्लीतल्या पेमेंट बँकेच्या पोराने आधार घेऊन पाच मिनिटांत. सरकारी पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधारला शेवटी जोडलेली बँक बघतो. बाई जुन्या बँकेच्या पासबुकावर एन्ट्री मारत बसते आणि १५०० रुपये तिला आठवतही नसलेल्या खात्यात साचतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव तिथे येतं. एका बाईचे नऊ हजार असे सापडले. ती आधी हसली, मग बाकावर बसून रडली.

नंबर बदलणं हा याचाच भाऊ. गावच्या सिमला रेंज नाही म्हणून नवीन सिम, जुनं बंद. ओटीपी जुन्यावर जातो. लाडकी बहीणची ई-केवायसी, आधारमधला पत्ता, सगळं त्या ओटीपीवर अडतं. आधारला जोडलेलं सिम रिचार्ज करून जिवंत ठेवा, किंवा केंद्रावर जाऊन नंबर बदला. मगच बाकीची कामं.

जुनं रेशन कार्ड जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढा, पहिल्या पानावरची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. लाडकी बहीणच्या अर्जात अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड चालत होतं. नव्या कार्डावर या वर्षीची तारीख. पंधरा वर्षं राहिल्याचा एवढा सोपा कागद तुम्ही स्वतःच्या हाताने खिडकीतून आत सरकवलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांचं जरा सावकाश सांगते. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांची फाइल तालुक्याच्या तहसीलला असते. आईला शहरात घेऊन आलात आणि वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला, की पैसे थांबतात. तलाठी चौकशीला गेला आणि घर बंद दिसलं, तरी तेच. सुरुवातीचे काही महिने ती येऊन-जाऊन असेल तर फाइल हलवू नका, दाखला वेळेवर द्या. कायमची आली असेल तर जुन्या तहसीलमधून मंजुरी आदेशाची प्रत घ्या आणि फाइल वर्ग करायचा अर्ज द्या. नुसतं इथे नव्याने अर्ज केलात तर आधार आधीच नोंदलेलं दिसतं आणि अर्ज लटकतो. आणि एक कडू गोष्ट. या योजनांची उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार आहे. आईचं नाव तुमच्या कार्डावर चढवलं की तिचं कुटुंब म्हणजे तुम्ही, आणि तुमचा पगार तिच्या उत्पन्नात. लपवा असं मी सांगणार नाही, नंतर वसुली लागते. पण नाव चढवण्याआधी हे माहीत असलेलं बरं. तो निर्णय नुसता कागदाचा नाही, आईशी बोलून घ्या.

लहान मुलांचं तुलनेने सोपं. अंगणवाडीत जुन्या ठिकाणची नोंद ॲपमध्ये अडकलेली असते, जुन्या सेविकाताईंना फोन करून ती इकडे पाठवायला सांगा, माता-बाल कार्ड सोबत ठेवा. शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. मूल आधी वर्गात बसवा, दुपारचं जेवण तरी सुरू होईल. याच कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवरच्या प्रवेशासाठी मात्र नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, साध्या स्टॅम्पवरचा नाही, आणि तो अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा हवा.

भाडेकरारावरून आठवलं. घरमालक नोंदणीला नाही म्हणतो ही रोजची रड. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. हे त्याला कायदा म्हणून ऐकवलंत तर खोली जाईल. मी लोकांना सांगते, नोंदणीचा खर्च अर्धा आम्ही देतो म्हणा. त्याने बरेच मालक तयार होतात. तेही जमलं नाही तर घरातल्या एकाच्या आधारवर नवा पत्ता लावून घ्या, बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो. कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत मंजुरी दिली नाही तर विनंती बाद होते, आणि ती मंजुरीही त्याच्याच ओटीपीवर.

राज्यच बदलणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिंधुदुर्गातून गोव्यात राहायला गेलेली घरं माझ्या नात्यात आहेत. धान्य तिथेही पोर्टेबिलिटीने मिळतं. लाडकी बहीण महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांसाठी, ती सुटते. आणि गोव्याच्या गृह आधार या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिना १५०० रुपये मिळायला गोव्यात १५ वर्षांचा रहिवास लागतो. मधली पंधरा वर्षं इकडचंही नाही, तिकडचंही नाही. मुक्काम हलवण्याआधी पगाराच्या आकड्यातून हे १८ हजार वर्षाला वजा करून बघा.

शेवटी अर्जाचं. खिडकीवर तोंडी बोलून परत येऊ नका. पोचपावती आणि अर्ज क्रमांक घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये रेशन कार्डाची कामं येतात, प्रत्येकाला मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावायची असते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पावती नसेल तर यातलं काहीच होत नाही. वर सांगितलेल्या बीडच्या कुटुंबाकडे पावती आहे, मीच पिशवीच्या आतल्या बाजूला पिनने लावून दिली. पहिलं अपील गेल्या आठवड्यात टाकलंय.